होडीच्या डोक्याचं नाव

माझी मावशी लितिया रोज सकाळी अंगण झाडायची आणि सगळा पाला झोबुले मामाच्या वाटेवर लोटायची. पातुरावा गावात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. वारा उलटा असला, पाला परत तिच्याच पायांशी आला, तरी ती पुन्हा लोटायची. मी एकदा विचारलं, “मावशी, एवढे कष्ट कशाला?” तर म्हणाली, “त्याच्याकडे पाहुणे फार येतात ना, येऊ देत की पाल्यातून.”

पाहुणे येत, हे खरं होतं. झोबुलेच्या घरामागे झावळ्यांनी शाकारलेलं एक लांब छप्पर होतं आणि त्या छपरात अख्खी लढाई मांडून ठेवली होती. गंजलेली शिरस्त्राणं, जेवणाचे पत्र्याचे डबे, बुटांचे नुसते तळवे, सरबताच्या हिरवट बाटल्या, विमानाचं वाकलेलं पातं, आणि एका काथ्याला ओवलेले सैनिकांच्या नावांचे बिल्ले. १९४३ साली जपानी आणि अमेरिकन आमच्या बेटावर येऊन एकमेकांना मारून गेले, त्यांचं हे मागे राहिलेलं. आता त्यांचीच म्हातारी माणसं, नाहीतर त्यांची मुलं, बोटीनं येत, लितियाच्या अंगणाच्या कडेनं चालत जात, छपरात शिरत आणि डोळे पुसत बाहेर पडत. झोबुलेनं एक वही ठेवली होती. ते लोक त्यात सह्या करत. लितियाच्या दारात कोणी कधी थांबलं नाही. केवड्याच्या पातीच्या चटया ती इतक्या बारीक विणायची की पाणी ओतलं तर क्षणभर वर थांबे. पण लोकांना चटई बघायची नसे, मेलेल्या माणसाचा चमचा बघायचा असे.

रताळी खणताना तिला स्वतःला असले चमचे कितीदा तरी सापडत. एकदा बिल्ला सापडला, नाव स्पष्ट वाचता येत होतं. झोबुले कुंपणापाशी धावत आला. “लिती, दे तो. कोणाचा तरी मुलगा आहे तो.” लितियानं बिल्ला मुठीत धरला, किनाऱ्यावर गेली आणि हात मागे नेऊन असा फेकला की तो आतलं पाणी ओलांडून प्रवाळाच्या पलीकडे, बाहेरच्या खोल पाण्यात पडला असावा. परत येताना म्हणाली, “माझ्याही बापाला कोणी खणून काढलं नाही.”

मूळ दुखणं तिथं होतं.

तिचे वडील रोनू आणि झोबुलेचे वडील साकिरी हे सख्ख्या बहिणींचे मुलगे. लढाईत साकिरी बंदूक घेऊन अमेरिकन लोकांना जंगलातल्या वाटा दाखवायचा. रोनू होडी वल्हवायचा. जखमी सैनिकांना बाहेरच्या पाण्यातून पलीकडच्या बेटावर न्यायचं काम त्याच्या होडीकडे होतं. एका फेरीत तो एक सैनिक उतरवून दुसऱ्यासाठी परत फिरला, आणि ती होडी पुन्हा कोणी पाहिली नाही. पुढे सरकारनं धक्क्याजवळ एक दगड उभा केला आणि त्यावर गावच्या शूर माणसांची नावं कोरली. नावं एका जुन्या कागदावरून घेतली होती. त्या कागदावर फक्त बंदूकवाले होते. साकिरीचं नाव दगडावर वरून तिसरं आहे. वल्हवणाऱ्यांचं एकही नाही.

आणि आमच्याकडे बापाचं नाव मुलं तोंडानं घेत नाहीत. नातवंडांनी घ्यावं, परक्यानं घ्यावं, लेकरानं घेऊ नये. त्यामुळे लितियाला दगडाची आस फार होती. दगडाला तोंड नसतं, त्याला बंधन नसतं. तिला मुलगा नव्हता, दोन्ही मुली लांबच्या बेटांवर दिल्या होत्या, माझी आई तर केव्हाच गेली. रोनू हे नाव आपलं म्हणून घेईल असं गावात एकच घर उरलं होतं, माझं. आणि मी काही रोज उठून आजोबाचं नाव घेत बसत नव्हतो. साकिरीचं नाव मात्र दर पाहुण्याच्या ओठांवर. रविवारी प्रार्थनेहून येताना लितिया दगडाच्या त्या बाजूनं कधी चालली नाही. चिखलातून जायची.

ती छप्पन्न वर्षांची असताना, लढाईला पन्नास वर्षं झाली त्या साली, मॉइरा नावाची एक बाई न्यूझीलंडहून आली. तिथल्या एका संग्रहालयात ती काम करायची. तिच्याकडे फोटोंचं जाड पाकीट होतं. प्रार्थनाघराच्या पडवीत म्हाताऱ्याकोताऱ्यांना बसवून तिनं फोटो हातोहात फिरवले. मी पूर्वी खोबऱ्याच्या जहाजावर होतो म्हणून मला इंग्रजी येतं, तेव्हा दुभाषी मी.

शेवटचा फोटो होडीच्या डोक्याचा होता. आमच्या लढाऊ होड्यांना पुढच्या टोकाला, अगदी पाण्यालगत, लाकडाचं कोरलेलं डोकं बांधत. नुझुनुझु म्हणतात त्याला. काळं कुळकुळीत, पुढे झेपावलेली हनुवटी, हनुवटीखाली दोन मुठी, आणि गालावर शिंपल्याच्या चकचकीत तुकड्यांची ओळ. ते पुढचं पाणी बघतं आणि होडीला वाट दाखवतं.

मॉइरा म्हणाली, “हे अमेरिकनांबरोबर लढलेल्या आमच्याकडच्या एका सैनिकाच्या मुलीनं आम्हाला दिलं. मागे चिठ्ठी आहे: गाव पातुरावा, साल १९४३. कोणी कोरलं ते ठाऊक नाही. समोरच्या पाटीवर कारागिराचं नाव लिहायची फार इच्छा आहे.”

फोटो एकेका हातातून पुढे सरकला. कोणाची नजर गेलेली, कोणी त्या वेळी जन्मालाच आलेलं नव्हतं. झोबुले त्या दिवशी छपरासाठी पत्रे आणायला शहराच्या बेटावर गेला होता. फोटो लितियाच्या हातात आला आणि तिथंच थांबला.

ते काम कोणाचं हे तिनं ओळखलं, हे मला तिच्या श्वासावरून कळलं. ओळखणं अवघड नव्हतं. साकिरी डावखुरा होता. बाकीचे कारागीर शिंपल्याची ओळ कानापासून हनुवटीकडे आणत, हा हनुवटीपासून कानाकडे नेई, आणि कानाखाली जागा उरत नसे म्हणून शेवटचा तुकडा उलटा बसवी. लढाईनंतर वीस वर्षं तो कोरत होता, आणि लहानपणी शिंपले घासून द्यायला लितियाच त्याच्याकडे बसायची. फोटोत कानाखालचा तुकडा उलटा होता.

“आजी, तुम्हाला माहीत आहे?” मॉइरानं विचारलं.

“माझ्या बापानं कोरलंय,” लितिया म्हणाली.

रोनूनं वल्ही तासली होती, इतकी हलकी की बायका ती मागून नेत. पण होडीचं डोकं? लोकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मावशीकडे पाहिलं. तिनं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की आठवडाभर काळा डाग राहिला.

“त्यांचं नाव?” मॉइरानं लेखणी उघडली.

“सांग ना,” मावशी मला म्हणाली. “मला घेता येत नाही, तुला ठाऊक नाही का?”

मी सांगितलं, “रोनू.” ती चूक माझीही आहे, मी ती लपवत नाही.

मॉइरानं लिहिलं. लितियानं कागदावर बोट ठेवलं. “काय लिहिलंस ते वाच, बाई.” मॉइरानं वाचलं. “पुन्हा वाच.” तिनं पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचून झालं तेव्हा माझ्या मावशीच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी तिच्या लग्नाच्या फोटोतही पाहिलेलं नाही.

झोबुले दोन दिवसांनी पत्रे घेऊन आला. गावानं त्याला सगळं धक्क्यावरच सांगितलं. मला वाटलं, आता कुंपण मोडणार. तो कुंपणापाशी आला, सुपारी तोंडात टाकली, चुना बोटानं दाढेत लावला आणि म्हणाला, “लिती, तुझे वडील वल्ही मात्र छान तासायचे हं.” एवढंच बोलून घरात गेला.

तो भांडला असता तर लितिया सुखानं जगली असती. तिनं उत्तरं तयार ठेवली होती. पण तो भांडेचना. महिना गेला, दोन गेले. तो पाहुण्यांना छप्पर दाखवी, संध्याकाळी जाळं विणत बसे, वाटेवरचा पाला निमूट बाजूला करी. लितियाला आता त्याच्या गप्प बसण्याचाही हेवा वाटू लागला.

“बघ कसा बसलाय,” ती मला म्हणायची. “एवढं भरलंय त्याच्या घरात की एक गेलं तरी कळलंसुद्धा नाही त्याला. श्रीमंत माणूस!”

“मावशी, मग खरं सांगून टाक.”

“तुला काय कळतंय? तुझा आजोबा आहे म्हणून सांगते, गप्प राहा.”

मग मॉइराचं पत्र आलं. पाद्रीबाबांनी ते प्रार्थनेनंतर वाचून दाखवलं. संग्रहालयानं ठरवलं होतं की पन्नासाव्या वर्षाच्या निमित्तानं ते डोकं पातुरावाला कायमचं परत द्यायचं. ऑगस्टमध्ये ती स्वतः घेऊन येणार होती. लोक टाळ्या वाजवू लागले. लितियाच्या हातातला पंखा मात्र थांबला.

कारण डोक्याला नाव असतं. विकायला केलेल्याला नसतं. होडीला बांधायला केलेल्याला कारागीर नाव देतो, आणि ते नाव त्याच्या घराबाहेर जात नाही. असं डोकं गावाबाहेर जाऊन परत आलं, की त्या घरच्या माणसानं गुडघाभर पाण्यात उभं राहून त्याला नावानं तीनदा हाक मारायची. तोवर त्याला होडीतून उतरवत नाहीत. चुकीच्या नावानं बोलावलं तर किनाऱ्यावर नुसतं लाकूड येतं, असं आमच्याकडे मानतात. लितियानं खोटं बोलताना पाटीचा विचार केला होता. ते डोकं स्वतः उठून येईल, हे तिच्या मनातच आलं नव्हतं.

पण माघार घेईल ती माझी मावशी कसली. दुसऱ्या दिवशी नारळ खवताना मला ती स्वतःशी पुटपुटताना दिसली. “समुद्रघार. समुद्रघार.” मला बघून म्हणाली, “कसं वाटतं?”

“काय कसं वाटतं?”

“नाव. माझ्या बापानं हेच ठेवलं असतं.”

“ठेवलं असतं म्हणजे?”

“नारळ दे तो,” ती म्हणाली.

ऑगस्टातला तो दिवस. बायकांनी पहाटेच दगड तापवून कसावा, रानबदाम आणि नारळाचं दूध पानांत बांधून भाजायला ठेवलं होतं. भरती पुरी झाली तेव्हा बाहेरून आमची जुनी लांब होडी आत आली. बारा जण वल्हवत होते, आणि पुढच्या टोकाला, पाण्यालगत, ते बांधलेलं होतं. मागच्या बाजूला मॉइरा, डोक्यावर पिवळी टोपी. पन्नास वर्षं परमुलखात कोरडं बसलेलं ते लाकूड लाट आली की पाण्याला हनुवटी लावत होतं आणि पुन्हा वर येत होतं. शिंपले इतके चमकले की पोरं ओरडायला लागली.

होडी किनाऱ्यापासून वीस हातांवर थांबली. वल्ही आडवी झाली. सगळं गाव लितियाकडे बघू लागलं.

ती पाण्यात उतरली, गुडघ्यापर्यंत. नवा झगा घातला होता, त्याचा काठ भिजून वर चढत गेला. मी तिच्या मागे होतो. तिनं तोंड उघडलं. मला तिच्या मानेची शीर दिसत होती. आवाज आला नाही. तिनं पुन्हा श्वास घेतला. ते डोकं सरळ तिच्याकडे बघत होतं, मुठी हनुवटीखाली घेऊन, एखादा माणूस उत्तराची वाट बघत बसतो तसं. समुद्रघार हा शब्द तिच्या जिभेवर होता, मी शपथेवर सांगतो. तो बाहेर पडला नाही.

ओहोटी लागली. होडी वल्ह्यांनी जागेवर धरून ठेवावी लागत होती. मागे कोणीतरी खोकलं. एक म्हातारी म्हणाली, “विसरली की काय गं?”

तेवढ्यात पाणी चुबुकलं. झोबुले माझ्या बाजूनं पुढे गेला आणि लितियाच्या शेजारी उभा राहिला. तो हळू बोलला, पण मी हाताच्या अंतरावर होतो, सगळं ऐकलं.

“काय म्हणून बोलावणार होतीस?”

“जा तू इथून.”

“लिती, पाणी उतरतंय.”

“मग तू मार हाक! तुझंच आहे ना? पाच महिने तोंडात काय सुपारी धरून बसला होतास? एक शब्द बोलला असतास तर मी गावासमोर इथं अशी उभी नसते.”

“बोललो असतो तर नाव सांगावं लागलं असतं.”

“मग सांगायचं!”

झोबुलेनं होडीकडे पाहिलं. त्याचा चेहरा मी इतका कडवट कधी पाहिला नव्हता.

“माझ्या बापानं आयुष्यात नाव ठेवलेली अकरा डोकी कोरली,” तो म्हणाला. “मी त्याचा एकुलता एक मुलगा. एकालाही माझं नाव दिलं नाही. वाट बघायचो मी दर वेळी. नऊ वर्षांचा होतो, हे कोरलं तेव्हा. सगळ्यात चांगलं. मी काजळी वाटून दिली, हात सोलवटले माझे. आणि बांधताना त्यानं याच्या कानात नाव सांगितलं. रोनू.”

लितियानं त्याच्याकडे मान वळवली.

“तुझे वडील गेले त्या महिन्यातलं आहे ते. तुझ्या वडिलांनी ज्या जखमी शिपाई पोराला त्या दिवशी पलीकडच्या किनाऱ्यावर नेऊन टाकलं, तो जगला. जाताना भेटायला आला. माझ्या बापानं होडीचं डोकं सोडलं आणि त्याच्या हातात दिलं. म्हणाला, रोनूनं तुला अर्ध्या वाटेवर आणलंय, आता घरापर्यंत पोचवू दे. मी रडलो. बापाला वाटलं काकासाठी रडतोय. मला त्या नावाचा राग आला होता, लिती. पन्नास वर्षं आला. दगडावर माझा बाप आहे म्हणून तू जळतेस, आणि माझ्या बापानं जे सगळ्यात सुंदर केलं ते तुझ्या बापाला दिलं. मी कशाला सांगू तुला? तुला आणखी एक गोष्ट का द्यायची मी?”

“चोर,” लितिया म्हणाली.

“तू पण,” झोबुले म्हणाला.

पाणी आता त्यांच्या पोटऱ्यांपर्यंत उतरलं होतं. मग लितिया म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला होता, “मार की हाक. मला घेता येत नाही. तुला येतं. तुझ्या घरचं काम आहे.”

झोबुलेनं दोन्ही हात तोंडाभोवती धरले. पहिली हाक त्यानं कारल्याचा रस प्यायल्यासारखी मारली. “रोनू!” दुसरी त्याहून मोठी झाली. तिसऱ्या वेळी काय झालं कोण जाणे, तो नऊ वर्षांच्या पोरासारखा ओरडला, गळा ताणून, आणि पलीकडच्या खारफुटीतून पांढरे बगळे उठले. होडी किनाऱ्याला लागली. मी माझ्या मावशीकडे पाहिलं. तिचे डोळे भरलेले होते, पण ती होडीकडे बघतच नव्हती. ती झोबुलेच्या तोंडाकडे बघत होती. जे तिला जन्मात करता येणार नव्हतं ते त्यानं तीनदा केलं होतं, आणि तिला त्याचाही हेवा वाटत होता.

जेवणं व्हायच्या आधी ती मॉइरापुढे जाऊन उभी राहिली. मला म्हणाली, “जसंच्या तसं सांग तिला, गोड करू नकोस. म्हणावं, मी खोटं बोलले. कोरलं साकिरीनं. कानाखालचा तुकडा बघ म्हणावं.” मी सांगितलं. मॉइरानं पाटीच्या कागदावरचं आधीचं खोडलं आणि नवीन लिहिलं. लितिया हलली नाही. “आता खाली लिही म्हणावं, याचं नाव काय ते. मोठ्या अक्षरात.”

डोकं झोबुलेच्या छपरात ठेवलं, शेजारी मॉइराची नवी पाटी. साकिरीच्या घरचं, म्हणून त्याच्याच घरी जायला हवं, हे लितियानंच सगळ्यांसमोर सांगितलं. सांगताना दात असे आवळले होते की निम्मे शब्द नाकातून आले. तिनं त्याच्याखाली घालायला एक चटई विणून दिली. झोबुलेनं ती दोनदा उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाला, “कोपरा वाकडा आहे.” वाकडा नव्हता.

त्यानंतर ती चौदा वर्षं जगली. पाला रोज झोबुलेच्याच वाटेवर लोटायची. पाहुणे येत राहिले, आधीपेक्षा जास्त, आणि सगळे त्या डोक्यासाठी. ते छपराकडे जाताना ती त्यांना काही बोलत नसे. ते परत येताना मात्र ती वाटेत चटई आडवी टाकून विणत बसलेली असे, म्हणजे थांबावंच लागे. मला तिनं इंग्रजीतला एकच प्रश्न शिकवायला लावला होता, आणि तो ती सगळ्यांना विचारी: त्याचं नाव काय?

लोक म्हणत, “रोनू.”

ती कानामागे हात धरी, जणू ऐकू आलं नाही.

“रोनू,” ते पुन्हा म्हणत, मोठ्यानं.

कधी जपानी जिभेनं, कधी अमेरिकन, एकदा एका फ्रेंच पोरीनं असं म्हटलं की ओळखू येईना, तरी मावशीनं ते तिच्याकडून पाच वेळा म्हणवून घेतलं. मग चटई उचलून वाट मोकळी करी. कुंपणापलीकडे झोबुले जाळं विणत बसलेला असे. एका संध्याकाळी त्यानं माझ्यासमोर तिला विचारलं, “माझ्या बापाचं नाव पण विचारत जा की एखाद्याला. त्यानंच कोरलंय.”

“ते दगडावर आहे,” लितिया म्हणाली आणि चटईची पुढची पात ओढून घट्ट केली.